शनिवारची पेटी

१

चारही डिस्क कोऱ्या होत्या. बुधवारी सकाळी मी त्या एकेक करून माझ्या लॅपटॉपला जोडल्या आणि चारही वेळा पडद्यावर तेच उत्तर आलं. काही नाही. प्रत्येकीवर छापील पट्टी होती, 'शनिवार १' पासून 'शनिवार ४' पर्यंत, अगदी सरळ रेषेत चिकटवलेली. इतक्या टापटिपीने जपलेलं शून्य मी आजवर पाहिलं नव्हतं.

हे किरणोपचारांचं रुग्णालय. कर्करोगाच्या गाठीवर यंत्राने रोज थोडे किरण सोडतात, महिना-दीड महिना. रुग्ण त्याला 'शेक' म्हणतात. कुठल्या कोनातून किती सोडायचे आणि आजवर किती गेले, हे प्रत्येकाच्या आराखड्यात असतं आणि आराखडे संगणकात. सोमवारी सकाळी आठला बाहेरच्या कुणा चोरांनी रुग्णालयातल्या सगळ्या फाइलींना कुलूप घातलं आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी सोडली. कुणीतरी नको ती ईमेल उघडली असणार, दुसरं काय! त्या चोरांशी मला देणंघेणं नव्हतं. अशी वेळ आलीच तर हाताशी असावी म्हणून दर शनिवारी सगळ्याची एक प्रत समोरच्या इमारतीत, लोखंडी कपाटात ठेवली जायची. ती प्रत कुणी पुसली, एवढंच मला शोधायचं होतं.

माझं कामच ते. संस्थांचे संगणक मेले की मी पंचनामा करते. लोक तोंडावर 'मॅडम' म्हणतात आणि पाठ वळली की 'पंचनामाबाई'. मला दोन्ही चालतं.

"पुसणारा बाहेर बसलाय," अध्यक्षबाई म्हणाल्या. विश्वस्त मंडळ त्यांच्या हातात होतं आणि घाईही त्यांनाच होती. "डिस्क तोच न्यायचा. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे, एक आमच्या संगणकप्रमुखांकडे. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. मुदतवाढ मागत होता, आम्ही नाही म्हटलं. काढला राग. तुम्ही पुरावा द्या, मी पोलिसांत देते."

काचेच्या दारापलीकडे बाकावर एक माणूस मांडीवर पोलादी पेटी घेऊन बसला होता. साठीला टेकलेला, इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. डिस्क तो याच पेटीतून न्यायचा, म्हणून सगळे त्याला पेटीकाका म्हणत. पेटी आता रिकामी होती, पण त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.

"तुम्ही पुसल्या?" मी बाहेर जाऊन सरळ विचारलं. सवय वाईट आहे, पण वेळ वाचतो.

त्याने मान वर केली. "मॅडम, शेक थांबलेले त्रेचाळीस जण आहेत. त्यांत माझी अक्का आहे. तीसपैकी एकोणीस झालेत तिचे. मी पुसेन?"

२

पेटीकाकाची वही मी तासभर वाचली. तारीख, डिस्कचा नंबर, जोडली किती वाजता, काढली किती वाजता, सही. शुक्रवारी पाचला जोडायची, रात्रभर प्रत उतरते, शनिवारी नऊला काढायची आणि रस्ता ओलांडून परिचारिकांच्या वसतिगृहातल्या कपाटात ठेवायची. चार डिस्क पाळीपाळीने. नवी यंत्रणा आल्यापासून तीन वर्षं, एकशे छप्पन शनिवार, एकही चुकलेला नाही. एका शनिवारी फक्त नऊऐवजी साडेसात होतं.

"त्या दिवशी काय झालं होतं?"

"बायको गेली होती. दहाला न्यायचं होतं तिला. म्हणून लवकर उरकलं."

मी पान उलटलं. "प्रत नीट उतरली हे तुम्हाला कळायचं कसं?"

"हिरव्या दिव्यावरून." त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा तरतरी आली. "डिस्क जोडली की लागतो. तो बघितल्याशिवाय मी घरी गेलो नाही कधी. आणि कसा! पापणीसुद्धा लवणार नाही असा. शनिवारी येऊन बघावं, तर तस्साच."

मी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मला तिथल्या तिथे थोबाडीत मारून घ्यायला हवी होती, पण ते गुरुवारी कळलं.

"डिस्क उघडून बघायचात?"

"छे, आम्हाला परवानगी नाही. ते साहेब बघतात, दर तीन महिन्यांनी." मग तो जरा पुढे झुकला. "अक्का दुसऱ्या रुग्णालयात जाणार होती. तिथे यंत्र नवं आहे म्हणे. मीच म्हटलं, इथे ये, इथलं सगळं मी स्वतः सांभाळतो. आईच्या माघारी तिनेच वाढवलंय मला. जन्मात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं."

साहेब म्हणजे संगणकप्रमुख. त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मला हसू आवरेना. पट्ट्या छापायचं छोटं यंत्र टेबलावर होतं आणि त्याने एकही वस्तू सोडली नव्हती. स्टेपलरवर 'स्टेपलर', कपावर 'कप', खिडकीतल्या कुंडीवर 'झाड'. रुग्णालयात त्यांना लेबलसाहेब का म्हणतात ते विचारावं लागलं नाही.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "गरीब माणूस. पण कुणाच्या मनात काय असतं, कसं सांगणार?" त्यांनी न मागता एक फाइल पुढे केली. तिमाही चाचणीचे बारा कागद, बारावरही तेच वाक्य, 'एक फाइल परत आणून उघडून पाहिली. ठीक.' खाली त्यांची सही. "शेवटची चाचणी तीन आठवड्यांपूर्वीची. तेव्हा सगळं होतं. म्हणजे पुसलं ते त्यानंतरच, नाही का?"

दुपारी मी वसतिगृहात गेले. तिथली वॉर्डन फार खमकी बाई. तिच्या नोंदीप्रमाणे सोमवारी कपाट उघडलं दहा चाळीसला, साहेब आणि पेटीकाका दोघांनी मिळून. त्याआधी फक्त शनिवारी.

परत येऊन मी अध्यक्षबाईंना विचारलं, डिस्क कोऱ्या असल्याचं तुम्हाला कधी कळलं? त्यांनी मोबाइल काढून बघितला. साहेबांचाच फोन होता, म्हणाल्या. सोमवारी, नऊ वाजून बारा मिनिटांनी.

३

कपाट उघडायच्या दीड तास आधी डिस्क कोऱ्या आहेत हे ज्याला माहीत होतं, त्यानेच त्या पुसल्या. बुधवारी संध्याकाळी माझं मत एवढं सरळ होतं. फक्त एक अडत होतं. का पुसल्या? साहेबांचं पेटीकाकाशी भांडण नव्हतं, चोरांशी साटंलोटं दिसत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी शेकाच्या विभागात गेले. बाहेर बाकांवर माणसं बसलेली. शेक मिळणार नाही हे माहीत असूनही ती येत होती आणि आपल्या नेहमीच्या वेळेपर्यंत बसून जात होती. कोपऱ्यात एक सत्तरीची बाई स्वेटर विणत होती, मानेवर शाईच्या खुणा. माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या भावाला तुम्हीच छळताय ना? छळा, पण जेवायला सोडा. तो उपाशी राहिला की त्याला काही सुचत नाही. एरवीही फारसं सुचत नाही." ही अक्का.

आराखडे आखणारी तज्ज्ञ बाई आत होती. सगळं मिलिमीटरमध्ये बोलते म्हणून तिला मोजपट्टी म्हणत. तीन दिवसांत ती झोपलेली दिसत नव्हती.

"बहुतेकांचे आराखडे मी नव्याने आखेन," ती म्हणाली. "पण अक्कांची गाठ मणक्याला चिकटून आहे. कुठल्या कोनातून किती गेलंय ते आकडे नसताना मी अंदाजाने शेक दिला, तर त्या परत चालणार नाहीत. नाही दिला, तर गाठ वाढेल. दोन आठवड्यांत आकडे मिळाले तर ठीक. नाही तर..." तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"आकडे मिळाले तर बंद संगणकावर शेक देता येतो?"

"यंत्रात हाताने भरता येतात ना. मंगळवारी नाही का दिला."

"कुणाला?"

"साहेबांच्या आईला. त्यांच्याकडे कागदावर होतं सगळं, नशीब." आणि तिने मला तो गठ्ठा दाखवला.

दर आठवड्याचा पूर्ण आराखडा, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख आणि वेळ. पाच आठवडे, पाच शुक्रवार, दरवेळी संध्याकाळी पाच. पेटीकाका डिस्क जोडायचा नेमकी ती वेळ. पाच आठवड्यांपूर्वी अख्ख्या रुग्णालयात एकाच माणसाने कपाटावर विसंबणं सोडलं होतं आणि फक्त आपल्या आईपुरती सोय केली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण म्हणजे डिस्क पाच आठवड्यांपूर्वीच कोऱ्या होत्या? आणि पुसणारा पुसल्यावर गप्प बसून कागद का छापत बसेल?

मी डिस्ककडे परत गेले. प्रत्येक डिस्क आपल्या पोटात स्वतःची हजेरी ठेवते आणि ती कुणाला खोडता येत नाही. किती वेळा सुरू झाली, किती तास चालली, तिच्यावर किती लिहिलं गेलं. पुसणं हेसुद्धा लिहिणंच असतं, कोऱ्याने लिहिणं. सोमवारची आणि माझी जोडणी वजा केली. एकोणचाळीस वेळा सुरू झाली, सहाशे तासांच्या वर चालली. चारही डिस्कचं तेच, पेटीकाकाच्या वहीशी तंतोतंत जुळणारं. फक्त दोन नंबरची एकदा जास्त, चाळीस वेळा.

मग मी शेवटचा आकडा बघितला. लिहिलं किती? चारही डिस्कवर, कारखान्यातून आल्यापासून, शून्य.

४

कुणी काही पुसलंच नव्हतं, कारण पुसायला कधी काही नव्हतंच.

नवी यंत्रणा बसवणाऱ्या सर्व्हिसवाल्याला मी फोन लावला. "माझ्याकडून सगळं बरोबर होतं," त्याने आधीच हात वर केले. "पहिल्या दिवशी साहेबांसमोर जोडून दाखवलं. संगणकाला डिस्क जोडायची चार भोकांची चपटी पेटी आहे बघा टेबलावर. उजवीकडची तीन संगणकाची. डावीकडचं, विजेची खूण असलेलं, नुसतं मोबाइल चार्जिंगचं. तेवढं सोडून कुठेही जोडा."

संगणकखोलीत ती चपटी काळी पेटी टेबलाच्या कडेला होती. डावीकडच्या भोकावर एक छापील पट्टी होती, अगदी सरळ. 'शनिवारची डिस्क इथे.' विजेची खूण पट्टीखाली झाकली गेली होती.

मी ती पेटी माझ्या लॅपटॉपला जोडली आणि माझी डिस्क त्या भोकात घातली. हिरवा दिवा लागला आणि एकदम स्थिर राहिला. लॅपटॉपला डिस्कचा पत्ता नव्हता. मग शेजारच्या भोकात घालून एक फाइल पाठवली. दिवा लुकलुकायला लागला. लिहिणाऱ्या डिस्कचा दिवा हलतो, हे मला वीस वर्षं माहीत आहे. पापणी न लवणारा दिवा म्हणजे नुसती वीज पिणारी डिस्क. बुधवारी तो माणूस मला हेच सांगत होता आणि मी पुढचा प्रश्न विचारला होता.

साहेबांसमोर मी ती पट्टी, आईचा गठ्ठा आणि आकड्यांचा कागद ठेवला.

"बारा चाचण्यांपैकी एकही तुम्ही केली नाही. केल्या असत्या तर चार डिस्क मिळून बारा वेळा जास्त सुरू झाल्या असत्या. जास्तीची नोंद एकच आहे, दोन नंबरवर. तुम्ही आयुष्यात एकदाच डिस्क उघडलीत. आईचे शेक सुरू झाले तेव्हा. शनिवारी कपाट उघडं असताना नेली असणार."

त्यांनी 'कप' असं लिहिलेला कप उचलून परत खाली ठेवला. "नेली," ते म्हणाले. "बघितली आणि पायाखालची जमीन सरकली."

"मग पट्टी एका भोकाने सरकवायची. एवढंच होतं."

"एवढंच नव्हतं! कोरी डिस्क भरायला लागली असती, पहिल्या प्रतीवर तारीख पडली असती. मग कुणीतरी विचारलंच असतं, आधीची तीन वर्षं कुठायत? माझ्या बारा सह्या..." त्यांनी चाचण्यांची फाइल जवळ ओढली. "उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत होतो. काय घडणार होतं पाच आठवड्यांत?"

"अक्कांचा पहिला शेक त्यानंतर आठवड्याने झाला," मी म्हटलं. "त्यांचे एकोणीसच्या एकोणीस शेक तुमच्या उद्यामध्ये बसतात. आणि खापर कुणाच्या डोक्यावर फोडलंत?"

"मी पुसलं तर नाही ना काही?" ते हळूच म्हणाले. "गुन्हा काय माझा?"

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. अहवाल मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिला.

५

पेटीकाका सुटला. अध्यक्षबाईंनी माफीबिफी मागितली नाही, कामावर ये म्हणाल्या. शुक्रवारी पाचला तो पेटी घेऊन संगणकखोलीत आला. पाळी एक नंबरच्या डिस्कची होती. त्याचा हात सवयीने डावीकडे गेला.

"काका, आज उजवीकडे घाला," मी म्हटलं.

त्याने घातली. उतरवायचं होतं काय? त्रेचाळीस जणांचे कुलूपबंद आराखडे, चोराशिवाय कुणाला न उघडणारे. पण माझा नियम आहे, कुलूप लागलेलंही फेकायचं नाही. मी प्रत सुरू केली.

दिवा लुकलुकला.

"मॅडम, हा हलतोय," तो घाबरून म्हणाला. "बिघडली का डिस्क?"

"नाही काका. असाच हलायला हवा."

तो वाकून बघत राहिला. आधी दिव्याकडे, मग डावीकडच्या पट्टीकडे, मग परत दिव्याकडे. समजावायला हवं होतं कदाचित, पण मला धीर झाला नाही. त्याने पेटी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि तिच्यावर न बसता तिची पाठ धरून उभा राहिला.

"एकशे छप्पन," तो म्हणाला. "सगळ्या?"

"सगळ्या."

"म्हणजे बायको घरात होती आणि मी साडेसातला... ती पण?"

"ती पण."

त्याने खुर्ची परत जागेवर सरकवली. "मॅडम, अक्काला एक सांगाल? मीच पुसलं म्हणून सांगा. रागाच्या भरात. तुमच्या कागदावर काय लिहायचं ते लिहा, पण तिला हे सांगा."

"का?"

"माझ्या शब्दावर आली इथे. भाऊ नालायक निघाला तर शिव्या घालेल, मोकळी होईल. पण मी तीन वर्षं काहीच सांभाळत नव्हतो, आणि तरी तिला इथे बोलावलं... हे कळून ती कशी मरेल हो?"

मी अक्काकडे गेले. ती तिच्या वेळेला तिच्या बाकावर होती. खोटं बोलणं माझ्या धंद्यात बसत नाही, पण एकदा प्रयत्न केला. "तुमचा भाऊ म्हणतो, त्याने पुसलं."

अक्का हसली. "त्याला पुसायला येतं? पाटी पुसायला दिली तर चिखल करायचा." सुया थांबल्या. "खरं काय ते सांगा."

मी सांगितलं. सगळं.

"आणि एकही शनिवार चुकवला नाही?"

"एकही नाही."

"तेवढंच येतं त्याला," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. मग तिने विचारलं, "माझ्या अकरांचं काय?"

"होणार नाहीत ते."

"बरं." तिने लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला. "मला कळलंय हे त्याला कळू देऊ नका. शिव्या हव्यात ना त्याला? घालते."

आणि ती उठली, रस्त्याकडच्या दारात उभ्या असलेल्या भावापाशी गेली आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेल्या, का पुसलंस रे?"

६

लेबलसाहेबांना प्रकृतीच्या कारणावरून रजा मिळाली, पुढे दुसरीकडे नोकरीही. त्यांच्या आईचे सगळे शेक पूर्ण झाले. बाई ठणठणीत आहे.

रुग्णालयाने नवी संगणक मंडळी आणली. त्यांनी आल्या आल्या जुनं सगळं साफ करून टाकलं. चार महिन्यांनी कुठेतरी ती टोळी पकडली गेली आणि तिच्या कुलपांच्या किल्ल्या सगळ्यांना मोकळ्या झाल्या. अध्यक्षबाईंनी मला फोन केला. उघडायला आता जुन्या फाइलीच नव्हत्या.

"एका डिस्कवर आहेत," मी म्हटलं.

पेटीकाका निवृत्त झाला होता, तरी आला. पाळीतून बाजूला काढून ठेवलेली 'शनिवार १' त्यानेच कपाटातून आणली, वहीत वेळ लिहिली. मी किल्ली लावली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस आराखडे उघडले. मोजपट्टी माझ्या मागे उभी होती. तिने अक्काचा उघडायला सांगितला. कोन, आकडे, सगळं जागच्या जागी. तीस चौकोन, एकोणिसांत खूण, अकरा रिकामे.

"या आकड्यांवर देता आले असते," मोजपट्टी म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

अक्काला जाऊन तीन आठवडे झाले होते.

"नीट उघडली ना?" पेटीकाकाने विचारलं. "काही गहाळ नाही?"

"काही नाही काका. प्रत उत्तम आहे."

त्याने मान हलवली. "शेवटपर्यंत शिव्या देत होती हो. बोलवेना, तरी हाताने खूण करायची, पुसलंस म्हणून. मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं. तिला खरं कळलं असतं तर..."

आयुष्यात एवढं एकच प्रकरण मी अर्धवट ठेवलंय.

तिमाही चाचणीचा कागद टेबलावर होता. साहेबांची जागा रिकामी होती, सही कोण करणार हा प्रश्नच होता. मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली, 'एक फाइल परत आणून उघडून पाहिली. ठीक.' मग फाइलच्या नावाच्या रकान्यात सावकाश अक्काचं नाव लिहिलं आणि खाली सही केली.